बर्गनची वखार आणि भोकरदनची पांढरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाणाऱ्या सहलींच्या यादीत अलीकडे नॉर्वेचे नाव वरचेवर दिसू लागले आहे. स्वित्झर्लंड आणि पॅरिस पाहून झालेली मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबे आता उत्तरेकडे वळतात. जालन्याच्या मोंढ्यातील आणि सराफ्यातील घरेही त्याला अपवाद नाहीत. नॉर्वेला गेलेला प्रवासी ऑस्लोहून सहा-सात तासांचा रेल्वेप्रवास करून पश्चिम किनाऱ्यावरील बर्गनला पोहोचतोच. तेथून पुढे फ्योर्ड पाहायचे असतात. डोंगरांच्या कुशीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांना हे नाव आहे. बर्गनच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. बंदराच्या काठावर लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या, त्रिकोणी माथ्याच्या लाकडी घरांची एक रांग उभी आहे. तिच्यापुढे सर्वांचे छायाचित्र निघते आणि बस पुढे जाते.

त्या रांगेचे नाव ब्रिग्गेन, म्हणजे धक्का. तेथे कोणी राजा राहत नव्हता आणि ती मंदिरेही नव्हेत. त्या वखारी आहेत, पेढ्या आहेत. सुमारे चारशे वर्षे तेथे माल उतरला, तोलला गेला, उधारीवर दिला गेला आणि वहीत चढला. संपूर्ण शहरात व्यापारी घराण्याने खरोखर रेंगाळावे असे स्थळ हेच आहे, आणि नेमके तेच पाच मिनिटांत उरकले जाते.

तत्पूर्वी पोटाचा प्रश्न सोडवून ठेवलेला बरा, कारण जैन प्रवाशाला तो टाळता येत नाही. बर्गनची सारी जडणघडण मासळीवर झाली आहे. ब्रिग्गेनपासून चार पावलांवर शहराचा शतकानुशतके चालत आलेला मासळी बाजार भरतो आणि सहलीचा वाटाड्या सर्वांना आधी तिकडेच नेतो. ज्यांना ते दृश्य सोसवत नाही त्यांनी तेवढा वेळ दुसरीकडे घालवावा, त्यात संकोचण्याचे कारण नाही. शाकाहारी म्हणून जे ताटात येते त्यात बटाटा, गाजर, कांदा यांचे राज्य असते, म्हणून कंदमूळ वर्ज्य असलेल्यांनी खाकरे, मेथीचे ठेपले आणि सुका नाश्ता बरोबर ठेवणेच इष्ट.

चौविहाराची गंमत मात्र निराळी आहे. बर्गन साठाव्या अक्षांशावर वसले आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य रात्री अकरा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास उगवतो. घरी संध्याकाळी साडेसहाला ताट आटोपण्यासाठी दुकानातून धावत येणाऱ्या गृहस्थाला तेथे रात्री नऊ वाजता लख्ख उन्हात जेवताना चुकल्यासारखे वाटते, व्रत मात्र अभंग असते. डिसेंबरमध्ये हेच उलटते. दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेदहाच्या आसपास वर येतो, म्हणजे दिवस सहा तासांहूनही लहान. आणखी उत्तरेला, त्रोम्सोसारख्या गावी, मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. सूर्याशी बांधलेले पच्चक्खाण तेथे कशाच्या आधारे घ्यावे, हे घरून निघण्यापूर्वीच महाराजसाहेबांना विचारून घ्यावे. विमानतळावर तो वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता ब्रिग्गेन. बर्गनची स्थापना १०७० च्या सुमारास राजा ओलाव किर्रे याने केली अशी परंपरा आहे. तेराव्या शतकात हे शहर नॉर्वेच्या राजसत्तेचे केंद्र होते. परंतु त्याला जगाच्या बाजारपेठेत स्थान मिळाले ते उत्तर जर्मनीतील व्यापाऱ्यांमुळे. ल्युबेक आणि इतर शहरांतील व्यापाऱ्यांनी आपसांत एक संघ उभारला होता. त्याचे नाव हान्सा. आपल्याकडील महाजनाच्या कल्पनेची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था होती. तिला स्वतःचे नियम होते, स्वतःचा न्यायनिवाडा होता आणि नियम मोडणाऱ्यावर बहिष्काराचे शस्त्रही होते. १३६० च्या सुमारास या संघाने बर्गनमध्ये आपली कायमची पेढी थाटली. लंडन, ब्रूज आणि रशियातील नोव्हगोरोद येथेही तिच्या तोडीच्या पेढ्या होत्या.

व्यवहार सरळ होता. उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर थंड, कोरड्या वाऱ्यात लाकडी मांडवांवर वाळवलेला, मीठही न लावलेला मासा बर्गनला येई. तो वर्षानुवर्षे टिके आणि युरोपभर विकला जाई. उत्तरेत धान्य पिकत नसे. म्हणून जर्मन व्यापारी बाल्टिकच्या काठावरून राय नावाचे धान्य व पीठ आणीत आणि मासेमाराला ते उधार देत. उधारी पुढच्या हंगामाच्या मालातून फिटायची. ती पुरती फिटत नसे. एकदा एका पेढीच्या खात्यावर नाव चढले की मासेमाराला दुसऱ्या पेढीकडे माल नेता येत नसे, आणि बापाचे देणे मुलाच्या नावावर जाई.

मासळीच्या व्यापाराची कथा एका अहिंसक समाजाच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या व्यापाराचा धर्म आपला नसला तरी त्याची वही ओळखीची आहे. पेरणीला उचल द्यायची, सुगीला माल आपल्याच आडतीवर यायचा आणि पट्टीतून रक्कम वळती व्हायची, ही रीत मराठवाड्याच्या मोंढ्याला परकी नाही. त्या रीतीने शेतकरी तगला आणि त्याच रीतीने तो अडकलाही. ब्रिग्गेनच्या अंधाऱ्या बोळात उभे राहिल्यावर या दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात, आणि कोणत्याही प्रामाणिक व्यापाऱ्याला त्या थोड्या अस्वस्थ करतील.

बोळ म्हणण्याचे कारण असे की समोरून दिसते ते केवळ तोंड आहे. प्रत्येक घरामागे लाकडाच्याच अरुंद गल्ल्या खोलवर जातात. दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले, बाहेरून काढलेले जिने, माल वर ओढण्यासाठी रहाटाची सोय आणि पायाखाली फळ्या. अगदी मागे दगडी तळघरे, मौल्यवान माल आणि कागदपत्रे आगीपासून वाचावीत म्हणून. आगीची दहशत एवढी की वखारीच्या इमारतीत दिवा किंवा शेगडी पेटवण्यास मनाई होती. नॉर्वेच्या हिवाळ्यात माणसे थंड खोलीत झोपत. स्वयंपाक, ऊब आणि एकत्र भोजन यांसाठी मागच्या बाजूला स्वतंत्र सभागृहे बांधलेली होती. हिवाळ्यात उमेदवार मुलांची शिकवणीही तेथेच होई.

हे उमेदवार म्हणजे जर्मनीहून आणलेली कोवळी मुले. भिंतीतील कपाटासारख्या बंद पलंगांत ती दोघे-दोघे झोपत. नव्या मुलांना दीक्षा म्हणून जे खेळ खेळवले जात ते मारहाणीचे आणि क्रूर होते. पेढीवरील पुरुषांना स्थानिक स्त्रीशी विवाह करण्यास बंदी होती, कारण विवाह झाला की मालमत्तेत वाटेकरी आले आणि पेढीची गुपिते घराबाहेर गेली. व्यापाराच्या शिस्तीची तारीफ करताना ही किंमतही लक्षात ठेवावी. आपल्याकडे राजस्थानातून दक्षिणेत आलेल्या कित्येक घराण्यांचे मूळपुरुषही बारा-चौदा वर्षांच्या वयात कोणाच्या तरी पेढीवर मुनीमाच्या हाताखाली बसले होते. पण पुढे त्यांनी घरे केली, बायका-मुले आणली, मंदिरे आणि स्थानके बांधली, आणि ज्या गावात गेले त्या गावचे झाले. हान्साचे लोक चारशे वर्षे राहूनही पाहुणेच राहिले. १७५४ मध्ये त्यांची शेवटची पेढी नॉर्वेच्या लोकांच्या हाती गेली आणि तो अध्याय मिटला.

ब्रिग्गेन कितीदा जळाले याची मोजदाद करणे कठीण आहे. १७०२ च्या आगीत सारी रांग भस्मसात झाली. आज दिसणारी घरे त्यानंतरची, परंतु जुन्याच पायांवर, जुन्याच आखणीने उभारलेली. १९४४ च्या २० एप्रिलला दारूगोळ्याने भरलेल्या एका जहाजाचा बंदरात स्फोट झाला आणि छपरे उडाली. १९५५ च्या जुलैमध्ये पुन्हा आग लागून रांगेचा मोठा भाग गेला. त्या वेळी उरलेलेही पाडून टाका, जागा मोकळी करा, असे म्हणणारे शहरात पुष्कळ होते. मोक्याची, धक्क्यावरची जमीन होती. कोणत्याही गावात हेच झाले असते.

बर्गनने मात्र जळालेल्या जागेवर आधी खोदून पाहायचे ठरवले. आस्ब्यर्न हेर्टाइग या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली १९५५ मध्ये सुरू झालेले उत्खनन तेरा-चौदा वर्षे चालले. जळलेल्या राखेचे थर एकावर एक निघत गेले. प्रत्येक आगीची तारीख ठाऊक असल्याने राखेच्या थरांनीच कालगणनेचे काम केले. त्या चिखलात सुमारे सहाशे सत्तर रूनी लेख सापडले. रून ही उत्तर युरोपची जुनी, सरळ रेघांची लिपी. ती राजांच्या शिलालेखांतच असते असा पूर्वी समज होता. येथे ती काटक्यांवर कोरलेली निघाली आणि कोरणारे होते सामान्य व्यापारी, हमाल, प्रेमी. पोत्याला बांधायच्या चिठ्ठ्या निघाल्या: हा माल अमक्याचा. एका काटकीवर एक भागीदार दुसऱ्याला मोठ्या अदबीने आपली अडचण कळवतो, की हवा तो माल हाती आला नाही आणि तू रागावू नकोस. आणखी एकीवर घरच्या स्त्रीचा निरोप आहे, की आता घरी ये. वाचणारा बहुधा कुठल्याशा पानगृहात बसला होता.

बारदानावरच्या मार्क्याला सातशे वर्षांनी काचेच्या पेटीत मान मिळतो, हे मोंढ्यात वाढलेल्या माणसाने एकदा पाहावे. या सापडलेल्या वस्तूंसाठी उत्खननाच्या जागीच ब्रिग्गेन संग्रहालय उभे राहिले आणि १९७६ मध्ये ते उघडले. १९७९ मध्ये ब्रिग्गेनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बासष्ट इमारती आज शिल्लक आहेत आणि त्यांची देखभाल १९६२ मध्ये स्थापन झालेली एक संस्था करते. हे सारे सुरळीत झाले असेही नाही. जळालेल्या भागावर नंतर आधुनिक इमारत आणि तिचा वाहनतळ झाला, भूगर्भातील पाणी त्याकडे निचरू लागले, आणि शेकडो वर्षे ओल्या मातीत टिकलेली पायाची लाकडे कोरडी पडून कुजू लागली. घरे खचू लागली. पाणी पुन्हा जमिनीत मुरवून त्याची पातळी वर आणण्याचा खटाटोप मग वर्षानुवर्षे करावा लागला.

इतर स्थळे थोडक्यात सांगता येतात. बाराव्या शतकातील मारिया चर्च ही शहरातील सर्वांत जुनी उभी इमारत आहे. साडेतीन शतके ती या जर्मन व्यापाऱ्यांकडेच होती. राजा होकोन याचा दगडी दरबार १२६१ मध्ये राजपुत्राच्या विवाहासाठी प्रथम वापरला गेला. फ्लोयेन टेकडीवर १९१८ पासून दोरखंडाने ओढली जाणारी गाडी जाते. सुमारे तीनशे वीस मीटर उंचीवरून शहर, बंदर आणि बेटे एका नजरेत येतात, आणि लहान मुलांना हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते. संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे घर शहराबाहेर तळ्याकाठी जतन केलेले आहे. पाऊस मात्र कोणत्याही स्थळाबरोबर फुकट मिळतो. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस तेथे पाऊस पडतो आणि त्याचे वार्षिक मान दोन हजार मिलिमीटरच्या वर जाते. जालना जिल्ह्याचे मान सातशेच्या आसपास आहे. छत्री घेण्याबाबत सांगणे न लगे.

आता प्रश्न जालन्याचा. जिल्ह्याला समुद्र नाही, तरी बंदर आहे. दरेगाव परिसरात जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने ड्राय पोर्ट उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्याची पायाभरणी झाली. मराठवाड्याचा माल येथेच पेटीबंद करून थेट समुद्राकडे धाडायचा, ही त्यामागील कल्पना. वर्तमानपत्रांनी तिला नवी म्हटले. ती फारशी नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातून माल समुद्रापर्यंत आणि समुद्रापलीकडे जात होता, आणि जेथून तो जाई ते गाव आजही नांदते आहे. ते भोकरदन.

केळणा नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव राजूरचा गणपती आणि अजिंठा यांच्यामधला एक थांबा म्हणून बहुतेकांना ठाऊक असते. बाजारचा दिवस असला तर रस्ता तुंबतो, एवढीच त्याची आठवण. प्राचीन काळी याचे नाव भोगवर्धन होते. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे आणि त्यांची गावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे दाते आहेत. येथून सांची शेकडो मैलांवर. स्वतःच्या गावापासून एवढ्या दूर, परमुलुखातील धर्मस्थानाला देणगी देऊन तिथे गावाचे नाव लावून येणारी माणसे कशी असतील, हे जैन वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पालिताणा, शिखरजी आणि श्रवणबेळगोळ येथील संगमरवरी पाट्यांवर जालन्याचे नाव वाचून कोणाचा ऊर भरून आला नाही?

१९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. जेथे वस्ती पुन्हा पुन्हा उठली आणि बसली त्या उंचवट्याच्या मातीला मराठवाड्यात पांढरी म्हणतात. शेताची ती काळी, गावाची ती पांढरी. त्या पांढरीत सातवाहन काळातले एक भरभराटीचे नगर निघाले. नाणी मिळाली, मातीच्या मूर्ती मिळाल्या, अकीक आणि तत्सम दगडांचे मणी मिळाले, शंखाच्या वस्तू मिळाल्या. शंख समुद्रातला आणि गाव पठारावरचे, म्हणजे वाहतूक दोन्ही दिशांनी होती हे त्यावरूनच कळते.

सर्वांत मोलाची ठरली ती हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती, शेजारी दासी असलेली. तिचे मोल कळण्यासाठी इटलीत जावे लागते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे रोमन शहर गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. प्रारंभी तिला लक्ष्मी समजण्यात आले, पुढे अनेकांनी यक्षी म्हटले. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भारतातून आली हे उघड होते, पण कोठून, हा प्रश्न होता. भोकरदनची मूर्ती निघाल्यावर अभ्यासकांच्या नजरा जालना जिल्ह्याकडे वळल्या, कारण दोघींच्या घडणीत फार जवळचे साम्य आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही अशाच जातीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिराने घडवली असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही विद्वान तिचे मूळ तिकडे शोधतात. परंतु तशी मूर्ती घडवणारा आणि विकत घेणारा, दोन्ही वर्ग या मुलखात होते, हे पांढरीने सिद्ध केले.

माल जात होता कसा, हेही नोंदलेले आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी नाविक-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असल्याचे सांगितले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेत. पैठणकडून अजिंठ्याच्या घाटाकडे आणि पुढे खानदेश, उज्जैन, भडोच यांकडे जाणाऱ्या वाटांच्या टापूत भोकरदन बसते. ते टिकले व्यापारावर, आणि व्यापाराची वाट बदलल्यावर त्याचा दिमाख ओसरला.

पैठणशी जैन परंपरेचाही जुना संबंध आहे. सातवाहन राजाच्या विनंतीवरून आचार्य कालकांनी संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीला केली, ही कथा प्रतिष्ठानपुरीचीच, म्हणजे पैठणची. आजही चतुर्थी की पंचमी या प्रश्नावर घराघरांत बोलणे होते. ज्या राजवटीत ती गोष्ट घडली असे मानले जाते त्या राजवटीचे व्यापारी शहर आपल्या दारापासून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर आहे, हे बोलणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

मग भोकरदनला जाऊन पाहायचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे खिन्न करणारे आहे. पांढरीवर आजचे गाव वसले आहे. उत्खननातील वस्तू विद्यापीठांकडे गेल्या. ब्रिग्गेनप्रमाणे जागच्या जागी त्यांचे दालन झाले नाही. केळणेच्या काठी खडकात कोरलेले लेणे आहे, ते शोधत जावे लागते. तालुक्यातच अन्वा येथे यादवकालीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरील विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती सावकाश पाहाव्यात अशा आहेत. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती तो हाच. इंग्रजांच्या इतिहासात असईचे नाव ठळक आहे. जालन्यातील किती शाळकरी मुलांनी ते गाव पाहिले आहे, हे त्यांच्या पालकांनीच मोजावे.

खुद्द जालना शहरही व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगे आहे. शहराचे नाव एका धनाढ्य मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, धंद्यावरून पडले अशी आख्यायिका आहे. राजाच्या किंवा देवाच्या नावाची गावे गल्लोगल्ली सापडतात, कापड विणणाऱ्याच्या नावाचे गाव विरळा. अकबराचा विद्वान मंत्री अबुल फजल येथे काही काळ राहिला. मलिक अंबरच्या काळात जमशेदखान या सुभेदाराने काळी मशीद, सराई आणि मोती तलाव बांधला आणि तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांपर्यंत आणले. उतारूला मुक्काम आणि पाणी, या दोन सोयींवर बाजारपेठ उभी राहते, हे त्याला पुरते उमगले होते. १७२५ मध्ये काबिलखानाने मस्तगड बांधला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वे आली, सरकीच्या आणि कापसाच्या कारखान्यांचे धुराडे उठले, आणि पुढे बियाणे व लोखंड यांनी शहराला आजचे रूप दिले. गुरू गणेश तपोधामाला देशभरातील श्रावक येतात. त्या वेळी पाहुण्यांना मुक्कामाची आणि भोजनाची ददात पडत नाही, ही जालन्याच्या जैन समाजाची कीर्ती आहे. त्याच पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी गावात काय दाखवावे, हा विषय मात्र यजमानांच्या घरात क्वचितच निघतो.

दाखवण्याजोगे सर्वांत जवळचे ते बहुधा त्यांच्याच माळ्यावर असते. कादराबाद आणि सदर बाजार भागातील जुने वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. वाडा पाडायला काढला की माळ्यावरून लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या निघतात. रोजमेळ, खतावणी, नक्कल वही. पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक, शुभ-लाभ, गौतम स्वामींची लब्धी मागणारी ओळ आणि खाली मोडी किंवा महाजनी अक्षरांत नावे-जमा. कोणत्या साली कापसाचा भाव काय होता, निजामाच्या हाली शिक्क्याचा हिशेब कंपनीच्या रुपयाशी कसा बसवला, कोणाची हुंडी मुंबईला सिकरली, दुष्काळाच्या वर्षी किती खाती तशीच सोडून दिली आणि पांजरापोळाला काय गेले, हे सारे त्यांत असते. घरात ती लिपी वाचणारे कोणी उरलेले नसते. मजूर विचारतो, शेठजी, याचे काय करायचे? बहुतेक वेळा त्या वह्या किलोच्या भावाने जातात. जुन्या देण्याघेण्याचा पुरावा मागे राहू नये, हे कारणही कधी कधी असते, आणि ते लपवण्याजोगे नाही. ब्रिग्गेनच्या मासेमारांचे देणेही संग्रहालयात उघडे आहे.

वही जपायला संग्रहालयाची इमारत लागत नाही. कोरडी जागा, वाळवीपासून बचाव, प्रत्येक वहीवर साल आणि पेढीचे नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि पानांची मोबाइलवर काढलेली स्वच्छ छायाचित्रे, एवढ्याने आरंभ होतो. मोडी शिकवणारे वर्ग महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. घरातील एखाद्या नातीने किंवा सुनेने ती लिपी शिकली तर पणजोबांच्या हातचा हिशेब घरातच वाचला जाईल. दिवाळीच्या वहीपूजनाला संगणकाच्या शेजारी एक कोरी वही अजूनही ठेवली जाते. तिच्याजवळ एखादी जुनी वहीही ठेवायला हरकत नाही.

आणि भोकरदनला एक रविवार द्यावा. जालन्याहून सकाळी नवकारसी करून निघावे. राजूरला उतरून गणपतीची टेकडी पाहावी, दहा-साडेदहाला भोकरदन गाठून केळणेचे लेणे पाहावे, दुपारी अन्वा, परतताना असई. डबा घरचाच घ्यावा, कारण वाटेत शुद्ध भोजनाची खात्री देता येत नाही. उन्हाळा टाळून पावसाळ्यानंतर, कार्तिक-मार्गशीर्षात गेलेले उत्तम. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आतच मावळतो, तेव्हा असईहून साडेतीनच्या सुमारास निघाल्यास चौविहारापूर्वी घरी पोहोचता येते.